रूपाबाईची चिमूट

गोरेगावात लग्नाची हळद दळायला बायका बसल्या की त्यांची नजर आधी जात्याकडं जायची आणि मग कौतिकाबाईकडं. जातं दगडाचं, त्याची कुणाला भीती नव्हती. कौतिकाबाईची होती.

कौतिकाबाईला गाता येत नव्हतं. तिनं अंगणातून लेकराला हाक मारली तरी शेजारच्या गोठ्यातलं वासरू दचकायचं, असा आवाज. पण कान होता. कुणी ओवी उचलली की ती मांडीवरचं सूप पाखडता पाखडता, वर न बघता सांगायची, "पहिली ओळ तुझ्या आजेसासूची. दुसरी डोंगरकडा गावची, तुझ्या जावेसंगं आली. तुझं काय तेवढं सांग." गाणारीचं त्यात पुष्कळदा एक 'गं' एवढंच असायचं. तेही कौतिकाबाई सोडायची नाही. "गं चांगला घातला," म्हणायची. "जमा धरते."

हा नुसता टोमणा नव्हता. गावाची रीतच तशी होती. लग्नाच्या हळदीला जी बाई दुसरीची ओवी गाईल, तिनं त्या दुसरीच्या नावानं ताज्या दळलेल्या हळदीची चिमूट बाजूला काढायची. ओवीची धनीण जिवंत असेल तर चिमूट पळसाच्या पानावर. ती समोरच बसली असेल तर तिच्या कपाळाला, परगावी असेल तर चिंधीत बांधून बाजाराला जाणाऱ्या कुणासंगं रवाना. धनीण विधवा असेल तर तिच्या उंबऱ्याला. बाईला वैधव्य येतं, ओवीला येत नाही, एवढं गावानं मान्य केलं होतं. आणि धनीण वारलेली असेल तर चिमूट जात्याच्या खुंट्याला लावायची. खुंटा सगळ्यांच्या हातात फिरतो, गेलेलीचाही हात त्यात असू द्यावा, असा त्यामागचा हिशेब.

चिमूट लहान, पण तिच्यावरून होणारे वाद मोठे. हिंगोलीला आगगाडी आल्यावर ओव्यांमधले सगळे भाऊ घोड्यावरून उतरले आणि गाडीत जाऊन बसले. ज्यांच्या भावांनी अजून टेसन पाहिलं नव्हतं, त्यांचेही बसले. बायकांना वाटलं, ओवी नवी झाली. कौतिकाबाई म्हणायची, "गाडी तुझी. आत बसलेला भाऊ मात्र हिच्या आईचा हाय. तो घोड्यावर होता तवापासून वळखते मी त्याला."

देवळातले भजनी हरिचंदबुवाही तिच्या हिशेबातून सुटले नाहीत. बुवांनी एक नवं पद बांधलं, गावानं माना डोलावल्या. पायरीवर कौतिकाबाईनं गाठलं.

"बुवा, पद झकास. चिमूट तेवढी घरी देऊन टाका."

"भजनात असलं देणंघेणं नसतं, बाई. तिथं सगळं देवाचंच असतं."

"व्हय की. पण देवाचं ते तुमची बायको पहाटं दळताना गात होती. मी आयकलं."

बुवा त्यानंतर बरेच दिवस दुसऱ्या गल्लीनं देवळात जात.

अशी ही कौतिकाबाई. उत्तमराव नावाच्या बऱ्यापैकी शेतकऱ्याची बायको, घरात मोठं जातं, म्हणून भावकीतल्या सगळ्या लग्नांची हळद तिच्याच पडवीत दळली जायची. दुसऱ्यांच्या ओव्यांचा पसारा तिच्या डोक्यात कणग्यांसारखा भरून ठेवलेला. तिची स्वतःची म्हणावी अशी ओवी एकच, आणि तीही पुरती तिची नव्हती. तिच्या दोन ओळींच्या दोन धनिणी होत्या.

ती ओवी जुळली त्या वर्षी कौतिकाबाईनं थोरली लेक लांब परभणीकडं दिली होती. हळद शिजवायचे दिवस होते. मळ्यात कढई लागलेली, वाफेचा वास अंगाला, लुगड्याला, भाकरीलाही. गावाबाहेरच्या तांड्यावरून बाया कामाला यायच्या, त्यांत धर्मसिंगची बायको रूपाबाई होती. तिचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहून देशोदेशी फिरलेले. धर्मसिंग आता खडकाळ रानात ज्वारी काढायचा. रूपाबाई गड्ड्यांपासून हळकुंडं मोडून वेगळी करत बसलेली आणि शेजारी कौतिकाबाई एकच ओळ पुन्हा पुन्हा पुटपुटत होती. पुढं काही सुचत नव्हतं.

"अडकली काय, मालकीणबाई?" रूपाबाईनं विचारलं.

"अडकली."

"आमच्या आजीचं एक गाणं व्हतं. मिठाचे बैल चालायचे तवा वाट कोसानं कोण मोजतंय? गळ्यातल्या घुंगरानं मोजायचे. इतकी वाजली की मुक्काम."

"मंग म्हण की."

रूपाबाईनं ते आधी आपल्या बोलीत म्हटलं. कौतिकाबाईला अर्थ निम्मा कळला, चाल पूर्ण कळली. मग रूपाबाईनं हातातलं हळकुंड मोडावं तसं ते मधोमध मोडलं आणि मराठीत जोडलं.

*दूरच्या गं देशी बाई लेक माझी दिली*
*घुंगरांनी बैलाच्या वाट माहेराची मोजिली*

लेक गेल्यापासून कौतिकाबाई रडली नव्हती, ते काम तिनं तिथं, हळदीच्या ढिगापुढं उरकून घेतलं. रूपाबाई हळकुंडं मोडत राहिली. डोळे पुसून झाल्यावर कौतिकाबाई मूळपदावर आली.

"दुसरी ओळ तुझी."

"माझी काहून? आजीची हाय."

"तुझ्या आजीनं मिठाची वाट मोजली. माहेराची तू केली. मिठाची चिमूट आजीला, हळदीची तुला."

पुढच्या लग्नात ती ओवी गायली गेली आणि गोरेगावच्या पळसपानावर पहिल्यांदा तांड्याच्या बाईच्या नावानं चिमूट पडली. एकीनं नाक मुरडलं. कौतिकाबाई सूप न थांबवता म्हणाली, "गाताना तांडा दिसला न्हाई, पानावर बरा दिसला." ओवी गोड होती, सगळ्यांनाच गायची होती.

मग तसाच पायंडा पडला. लग्न झालं की चिंधीत बांधलेली हळद घेऊन कौतिकाबाई स्वतः तांड्याच्या वाटेनं निघायची. दुपारची वेळ, बाभळीच्या शेंगा पायाखाली, आणि लांबूनच धर्मसिंगच्या बैलांची घुंगरं कानावर यायची. इतर कुणाची चिमूट पोचवायला ती कधी चालत गेली नाही. हा पक्षपात तिच्या हिशेबात कुठं बसत नव्हता आणि तिला त्याचं काही वाटतही नव्हतं. रूपाबाई ती हळद कपाळाला लावायची, उरलेली बैलांच्या शिंगांना. एक दिवस मालकीणबाई म्हणायचं सोडून तिनं 'सई' अशी हाक मारली.

"सई? हा शब्द कुठून उचलला?"

"तुमच्याच जात्यावरून. चिमूट पायजे का?"

कौतिकाबाई खळखळून हसली. असं तिच्या आयुष्यात फार वेळा झालं नाही. ते दिवस पुढं तिला आठवायचे ते वासानं. कुठंही हळद शिजली की तिला आधी ती हाक ऐकू यायची.

मग धामधुमीचं साल आलं. निजामाचं राज्य राहतं की जातं, कुणालाच काही समजेना. रोज नवी अफवा, रोज कुणाची तरी गाडी भरलेली. निम्मं गाव पैनगंगेपलीकडं, वऱ्हाडात पाहुण्यांकडं गेलं. उत्तमराव गेला नाही. म्हैस व्यायला झालीय असं कारण त्यानं सांगितलं, आणि म्हैस नंतर चार महिन्यांनी व्याली.

एका दुपारी दिवस कलताना रूपाबाई मागच्या दारानं आली. ओच्यात घुंगरं होती, दोन्ही बैलांची.

"रानातून जायचंय, सई. वाजायला नको."

"कुठं जाणार?"

"पलीकडं. तांडा सगळाच निघालाय." तिनं घुंगरं कौतिकाबाईच्या ओटीत ओतली. "परत आले की नेते."

कौतिकाबाईनं ती फडक्यात गुंडाळली आणि उतरंडीतल्या मधल्या गाडग्यात, तुरीच्या डाळीखाली खोचली. उत्तमरावालासुद्धा सांगितलं नाही. तांड्याची वस्तू घरात दिसली की तांडा कुठं गेला हे कुणीतरी विचारणार. रूपाबाई दारात उभी राहून गाडगी पुन्हा एकावर एक चढेपर्यंत बघत होती. मग गेली. त्या दिवशी धर्मसिंगची गाडी निघाल्याचं कुणालाच ऐकू आलं नाही.

भादव्यात राज्य गेलं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला लोक परतायला लागले. तांडाही आला, पण धर्मसिंग आणि रूपाबाई त्यात नव्हते. तांड्यावरचा थावरा जळणाची मोळी टाकायला आला, त्याला कौतिकाबाईनं विचारलं.

"पावसाळ्यात पलीकडं पटकी आली व्हती, बाई," थावरा म्हणाला. "आमी पांगलो. नंतर धर्मसिंगचे बैल मी परक्याच्या गाडीला पाहिले. जीव असता तर त्यानं ते बैल सोडले असते का?"

"बैल पाहिले. रूपा पाहिली?"

"न्हाई."

"मंग न पाहिलेलं सांगू नको."

तो गेला. कौतिकाबाई बराच वेळ उतरंडीकडं पाठ करून बसली.

मार्गशीर्षात तिच्या थोरल्या जावेच्या, पार्वतीबाईच्या लेकीचं लग्न निघालं. धामधुमीनंतरचं भावकीतलं पहिलंच लग्न. जात्याला आंब्याची डहाळी बांधली, सुवासिनी बसल्या, हळकुंडं भरडायला लागली. सगळ्यांचे आवाज आधी जरा जपून निघाले. एवढ्या महिन्यांत कुणी गायलं नव्हतं. मग गळे सुटले, आणि देवाच्या ओव्या झाल्यावर कुणीतरी 'दूरच्या गं देशी' उचललीच. लग्नात ती चुकत नव्हती.

ओवी संपली. गाणारीनं रीतीप्रमाणं दोन चिमटी काढल्या. एक कौतिकाबाईच्या कपाळाला लावली. दुसरी हातात धरून ती थांबली, आणि कुणाकडं बघावं ते न कळून पार्वतीबाईकडं बघायला लागली.

"खुंट्याला लाव," पार्वतीबाई म्हणाली.

"पानावर ठेव," कौतिकाबाई म्हणाली.

जातं फिरत राहिलं.

"कौतिका, हे बघ," पार्वतीबाई हळू आवाजात बोलली. ती भांडखोर नव्हती, तिच्या डोळ्यांत भीती होती. "गेलेलीची चिमूट जित्यांच्या पानावर पडली तर ती हळद माझ्या लेकीच्या अंगाला लावू का मी? सगळा तांडा म्हणून राहिला की रूपा गेली."

"आन् जितीची खुंट्याला लावली मंग? आपल्याच हातानं मारल्यावाणी न्हाई व्हायचं?"

"तू म्हणती ती जिती हाय. कशावरून?"

दुसऱ्याच्या ओव्यांचा शेंडाबुडखा सांगणारी बाई, तिला स्वतःच्या ओवीच्या अर्ध्या धनिणीचा पत्ता नव्हता. तिनं हात पुढं केला.

"दे ती माझ्याकडं. दळण उरकंस्तोवर मी हातात धरते. न्हाईच काही कळलं, तर मीच लावते खुंट्याला."

पार्वतीबाईनं मान हलवली. चिमूट कौतिकाबाईच्या तळहातावर आली आणि तिनं मूठ मिटली. टोपल्यातली हळकुंडं कमी कमी होत चालली. तिनं सूप बाजूला ठेवलं होतं. कोण कुणाची ओवी गातंय हे तिनं त्या दिवशी एकदाही बोलून दाखवलं नाही. बायकांनी त्या संधीचा फायदा घेऊन वाटेल तशी उचलाउचल केली. तिला सगळं ऐकू येत होतं. मूठ घामेजली होती, बोटांच्या फटींतून पिवळं दिसायला लागलं होतं.

शेवटच्या ओंजळीला पार्वतीबाईची धाकटी बहीण नीलाबाई खुंट्याला बसली. ती रिसोडकडची, वऱ्हाडातली, लग्नासाठी दोन दिवस आधी आलेली. गळा गोड, अंगावर ठसठशीत दागिने, इथल्या चिमटीच्या रीतीची तिला काही माहिती नव्हती. तिनं बेधडक सुरू केलं.

*दूरच्या गं देशी बाई सई माझी राहिली*
*घुंगरांचे बैल जोडुनी वाट तिची पाहिली*

कौतिकाबाईनं मान वर केली.

"नीलाबाई, ही कुठली?"

"आमच्याकडचीच. सगळ्याच म्हणतात."

"सगळ्या म्हणतात, पण तुमी कुणाची आयकली?"

नीलाबाई हसली. तिचा हात सैल पडला. दळण चालू असताना जातं थांबलेलं चालत नाही, म्हणून कौतिकाबाई सरकली आणि मोकळ्या हातानं खुंटा धरून स्वतः फिरवायला लागली. तिला हळदीच्या जात्यावर बसलेली कुणी पाहिलीच नव्हती.

"आता कसं सांगू? कापसाच्या वेचणीला बाया येतात. बांधापलीकडं कुणी तरी म्हणून राहिली होती. चाल आवडली, घेतली."

"कवा?"

"ह्याच वेचणीला. दिवाळी झाल्यावर."

"आन् दुसरी ओळ दुरुस्त कोणं केली?"

नीलाबाईचा चेहरा एकदम उतरला. आजवर तिला असं कुणी विचारलं नव्हतं.

"तुमाला कसं कळलं?"

"बैल जोडले की माणूस निघतं. जोडून वाट पाहत बसतंय का कुणी? तिथं टाका पडलाय. मूळची काय होती?"

"जाऊ द्या, वहिनी. येड्यासारखी होती. हसतील सगळ्या."

"हसू द्या. येडी असंल तर येडी म्हणा, पण जशी होती तशीच."

नीलाबाईनं पदर सावरला आणि गायली नाही, नुसती बोलली.

"घुंगरांनी उतरंडीत वाट माझी पाहिली."

बायका खरंच हसल्या. "उतरंडीत घुंगरं?" एकजण म्हणाली. "डाळीच्या गळ्यात बांधायची का?" पार्वतीबाईलाही हसू आलं. हसता हसता तिचं लक्ष जावेकडं गेलं आणि तिचं हसू थांबलं.

कौतिकाबाईनं खुंटा नीलाबाईच्या हातात दिला आणि उठली. माजघरातून एकेक गाडगं खाली उतरवल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा मोकळ्या हातात फडकं होतं. डाळीचे दाणे चिकटलेलं ते फडकं तिनं जात्याशेजारी ठेवलं, आणि ते टेकताना आतली घुंगरं वाजली.

"तिनं जाताना दिली," ती म्हणाली. "म्या कुणाला सांगितलं न्हाई. घरच्यांनाबी न्हाई."

बायका वाकून फडक्याकडं बघायला लागल्या. पार्वतीबाई मात्र लेकीची आई होती, तिनं विचारायचं ते विचारलं.

"ओवी बांधली तिनंच, ते दिसलं. पण ती मागं ऱ्हाती, बाई. माणूस गेल्यावरबी दुसऱ्या बाया गातात."

"चांगली ओवी गातात," कौतिकाबाई म्हणाली. "येडी कुणी गात न्हाई. नीलाबाईला आवडली तर तिनं आधी दुरुस्त केली. तूबी केली असती. अर्थ लागंना त्या ओळीला कुणीबी टाका घालतंच, म्या जलमभर हेच पाहिलं. पटकी झाली पावसाळ्यात. दिवाळीनंतर ज्या बाईनं ही ओळ हाय तशी म्हणली, तिलाच तिचा अर्थ लागत होता. तसा अर्थ लागणाऱ्या दोघीच. एक मी, आन् मी तर रिसोडला कापूस वेचत न्हवते."

टोपल्यात आता एक हळकुंड उरलं होतं. पार्वतीबाईनं ते घेतलं, जात्याच्या तोंडात टाकलं, आणि पळसाचं पान उचलून कौतिकाबाईपुढं धरलं.

"ठेव."

कौतिकाबाईनं मूठ उघडली. चिमूट तळहाताला चिकटून बसली होती, नखानं खरवडून काढावी लागली.

लग्न लागलं, वऱ्हाड जेवलं. निघायच्या दिवशी नीलाबाईनं विचारलं, "घुंगरं मी घेऊन जाऊ? शोधते तिला वेचणीच्या बायांत."

"चिमूट न्या. घुंगरं इथंच ऱ्हाऊ द्या. ती न्यायला येणार म्हणली हाय." मग जरा थांबून कौतिकाबाई म्हणाली, "एक ओवी बी न्या."

आणि गोरेगावातल्या त्या पडवीत, दिवसाढवळ्या, कौतिकाबाईनं तोंड उघडून गायलं. शेजारचं वासरू दचकलं, त्यानं दावं ताणलं. उत्तमराव गोठ्यातून डोकावून परत गेला.

*उतरंड गं सई माझी कुणी नाही हलविली*
*चिमूट तुझी हळदीची पानावरच ठेविली*

नीलाबाईनं ती घोकून घेतली. आणखी एकदा म्हणून दाखवली. तिच्या गळ्यात ती चांगलीच वाटत होती.

"बराबर," कौतिकाबाई म्हणाली. "आता वाटंत दुरुस्त करू नका."

"आन् माझी चिमूट? 'जोडुनी' माझं स्वतःचं होतं."

"ते काय बरं न्हवतं," कौतिकाबाई म्हणाली. "पण जमा धरते."

गाडी पैनगंगेच्या वाटेला लागली. कौतिकाबाई आत आली, गाडगी पुन्हा रचायला बसली. घुंगरं तिनं मधल्या गाडग्यात ठेवली नाहीत, सगळ्यात वरच्यात ठेवली, हात वर केला की निघतील अशी. उतरंड हलवली नाही असं तिनं नुकतंच गाऊन कळवलं होतं. जन्मभर इतरांच्या ओळी तपासणाऱ्या त्या बाईनं स्वतःची एवढी एक खोटी नोंद मात्र तशीच राहू दिली.